विंडोज ११ वर जायचंय? बटण दाबण्याआधी हे वाचा

विंडोज ११ टाकलं की पीसी फास्ट होईल, या आशेवर अपग्रेड करणार असाल तर थांबा. तसं काही होणार नाही. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० जितकं रखडत होतं तितकंच ११ रखडतं, कधी कधी काकणभर जास्तच. वेग हवा असेल तर एसएसडी (वेगवान नवी डिस्क) बसवा, रॅम वाढवा. तो खर्च वेगळा आणि त्याचा फायदा १० वरही मिळतो.

तरीही अपग्रेड करा असंच मी सांगेन, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. पीसी त्या दिवशी बंद पडला नाही, पुढेही पडणार नाही. फक्त सुरक्षेतली नवी भोकं सापडली की ती बुजवणारे मोफत अपडेट येणं थांबलं. ज्या मशीनवरून नेट बँकिंग चालतं, जीएसटी भरला जातो, लोकांची आधार-पॅनची कागदपत्रं स्कॅन होतात, त्यासाठी ही क्षुल्लक गोष्ट नाही.

घरचे, नातेवाइकांचे आणि ओळखीतल्या दोन-चार ऑफिसांचे पीसी ११ वर नेताना जिथे जिथे घोडं अडलं, ते सगळं खाली क्रमाने लिहिलंय. क्रम मोडू नका, फक्त पायरी २ मधले बायोसचे बदल पायरी ३ मधल्या बॅकअपनंतर करा. बहुतेक भानगडी पायरी ३ आणि ४ गाळल्यामुळेच होतात.

१. तुमचं मशीन बसतं का ते पाहा

कागदावरच्या अटी अशा: ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय बायोस (पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा नवा प्रकार), सिक्युअर बूटची सोय (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी) आणि टीपीएम २.० (कुलपाच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप). यातली ४ जीबी रॅम ही निव्वळ चालू होण्यापुरती. क्रोममध्ये पाच टॅब आणि टॅली एकत्र उघडलं की कळतं. ८ जीबीपेक्षा कमी असेल तर मी अपग्रेडच्या भानगडीत पडत नाही, आधी रॅम.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं अ‍ॅप मोफत मिळतं. ते चालवा. हो किंवा नाही सांगतं, आणि नाही असेल तर कशामुळे तेही सांगतं.

प्रोसेसरचा अंदाज स्वतःलाही घेता येतो. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचे बसतात. आय-फाइव्हच्या पुढच्या आकड्यात पिढी लपलेली असते: ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. इथे एक गंमत आहे. ११३५ दिसलं की लोक म्हणतात, पहिल्या पिढीचा जुना माल. तो अकराव्या पिढीचा असतो, आणि १०३५ दहाव्या. एएमडी रायझनच्या २००० मालिकेत काही बसतात, काही नाही, तिथे अंदाज न लावता अ‍ॅपवर विसंबा.

अजून एक तपासणी सगळे विसरतात. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा आणि 'सिस्टम टाइप' वाचा. तिथे ३२-बिट लिहिलेलं असेल तर प्रोसेसर कितीही चांगला असो, सरळ अपग्रेड होत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं. सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

२. 'टीपीएम नाही' असं आलं तर लगेच नवा पीसी घेऊ नका

सहा-सात वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. खास करून असेंबल केलेल्या पीसीत. दुकानदार चिप वेगळी विकत घ्यायला सांगेल, आधी हे करून बघा.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत टीपीएम, टिंब, एमएससी टाइप करून एंटर मारा. 'कम्पॅटिबल टीपीएम सापडला नाही' असं दिसलं तर बायोसमध्ये जायचं. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२, लॅपटॉपला कंपनीप्रमाणे एफ१० वगैरे. आत 'सिक्युरिटी' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' खाली शोधा. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव टीपीएम नसतं, 'पीटीटी' असतं. एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम'. तो इनेबल करा, सेव्ह करून बाहेर या.

त्याच पानावर 'क्लिअर टीपीएम' असाही पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि रिकव्हरी की जवळ नसेल तर तुमच्याच फाइल तुम्हाला उघडता येणार नाहीत.

दुसरा सापळा याहून वाईट. जुनं विंडोज बायोसच्या जुन्या 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं असेल आणि तुम्ही उत्साहात बायोसमध्ये थेट यूईएफआय निवडलंत, तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' एवढंच येतं. डेटा गेलेला नसतो. सेटिंग परत लेगसी केलं की पीसी सुरू होतो. पण तोवर घरातल्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. योग्य क्रम असा: आधी 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'समोर काय आहे ते पाहा. लेगसी असेल तर डिस्क एमबीआरवरून जीपीटीवर (डिस्कच्या विभागणीच्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर) न्यावी लागते. त्यासाठीचं 'एमबीआर-टू-जीपीटी' हे टूल विंडोज १० मध्येच आहे, ते आधी फक्त तपासणीच्या मोडमध्ये चालवा, पास झालं तरच बदल करा, आणि मगच बायोस यूईएफआयवर न्या. कमांडची सवय नसेल तर ही एक पायरी माहीतगाराकडून करून घ्या. आणि हे सगळं बॅकअपनंतर.

३. बॅकअप, आणि डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

'माझं सगळं डी ला आहे, सी उडालं तरी चालेल.' हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत, छत कोसळलं तर दोन्हींवर कोसळतं. बॅकअप म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क, कॉपी झाल्यावर केबल काढून कपाटात ठेवलेली.

कॉपी करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स तर घ्याच, शिवाय हेही:

- टॅलीचा डेटा फोल्डर, आणि टॅलीतून घेतलेला वेगळा बॅकअप
- आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल (मेल तिच्यात असतात)
- ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड
- फॉन्ट फोल्डर (डीटीपीवाल्यांनी विसरायचंच नाही)
- प्रिंटर, स्कॅनर, डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) यांचे ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवलेले
- सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, एका कागदावर लिहून

याशिवाय हाताशी ठेवा: ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड, त्या अकाउंटला जोडलेला मोबाइल (ओटीपी येतो) आणि सी ड्राइव्हला ३० जीबी तरी मोकळी जागा. लॅपटॉप असेल तर चार्जर, पीसी असेल तर धड बॅटरीचा यूपीएस. आमच्याकडे दुपारी वीज जाते म्हणून मी हे काम रात्री करतो.

आता बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगइन करून डिव्हाइसखाली ४८ आकडी की दिसते का ते बघा. दिसली तर कागदावर उतरवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवण्यात काही अर्थ नाही. बायोसमध्ये काही बदल करणार असाल तर आधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

४. मराठी टायपिंग, डोंगल, टोकन: आपल्याकडचं खरं घोडं इथे अडतं

इंग्रजी व्हिडिओंत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, टाइप करणाऱ्यांना काही त्रास नाही. इन्स्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. फोनेटिक तर २०१९ पासून १० मध्येही होता. अपग्रेडनंतर कधी कधी यादीत 'इंग्लिश यूएस' आणि 'इंग्लिश इंडिया' असे दोन कीबोर्ड येऊन बसतात आणि विंडोज-स्पेस दाबलं की मराठीवर जायला जास्तीचा हेलपाटा पडतो. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन' इथे जाऊन नको तो काढून टाका.

श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टवर धंदा चालणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. फॉन्ट हा नुसता फॉन्ट असतो, तो ११ वरही दिसतो, जुन्या लग्नपत्रिका उघडतात. अडतो तो कीबोर्डचा प्रोग्राम आणि त्याचं कुलूप, म्हणजे यूएसबीचं डोंगल किंवा त्या मशीनला बांधलेलं अ‍ॅक्टिव्हेशन. डोंगलचा ड्रायव्हर जुना असेल तर ११ मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं सुरक्षा सेटिंग चालू असलं तर तो लोड होऊ देत नाही. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला आधी फोन करा. तुमच्या हातातली आवृत्ती ११ वर चालते का, नसेल तर अपडेटचे किती पैसे, आणि लायसन्स आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करायचं का, हे विचारा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर त्या एका मशीनचं अपग्रेड पुढे ढकला. ओळखीचे एक डीटीपीवाले काका याच कारणाने आजही एक पीसी १० वर ठेवून आहेत, आणि त्यांनी शहाणपणाने त्याची नेटची केबल काढून टाकलीय. फाइल पेन ड्राइव्हने ये-जा करते. मला तरी ही तडजोड पटते.

डीएससी टोकनचंही तसंच. टोकन पीसीला लागलं तरी सही होत नाही, कारण सोबतचं टोकन मॅनेजर आणि पोर्टलचं सही करणारं छोटं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागू शकतं. दोन्हींचे नवे इन्स्टॉलर आधी उतरवून ठेवा. टोकनचा पिन अंदाजाने मारत बसू नका, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर ते लॉक होतं. ज्या जुन्या साइट इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय उघडत नाहीत, त्यांच्यासाठी एजमध्ये 'आयई मोड' आहे. ११ मध्ये वेगळा इंटरनेट एक्स्प्लोरर मिळत नाही.

डॉसच्या जमान्यातला फॉक्सप्रोतला हिशेब अजून अनेक पतसंस्थांत आणि आडत दुकानांत चालतो. तो १६-बिट प्रोग्राम ३२-बिट विंडोज १० वर चालून जायचा, ११ वर चालणार नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये चालवता येतो, पण प्रिंटर जोडताना नाकी नऊ येतात. ३२-बिटचे साधे प्रोग्राम ११ वर चालतात, त्यांची काळजी नको.

आणि दिवस बघून काम काढा. मुहूर्त नव्हे, रिटर्नच्या तारखा. महिन्याच्या २० तारखेला जीएसटी ३बी असताना १९ च्या रात्री अपग्रेड लावणारे लोक मी पाहिलेत. जुलैअखेर आणि मार्चअखेर तर नकोच.

५. प्रत्यक्ष अपग्रेड

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा. 'विंडोज ११ तयार आहे' अशी सूचना असेल तर तिथूनच करा, हा सगळ्यात सरळ मार्ग. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' घ्या. दोन्ही प्रकारांत फाइल आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. मूळ विंडोज १० अस्सल आणि अ‍ॅक्टिव्हेट झालेलं असेल तर पैसे लागत नाहीत, की विचारली जात नाही. होम असेल तर होमच मिळतं.

तिसरा मार्ग आयएसओ फाइलचा, म्हणजे विंडोजचा सगळा सेटअप असलेल्या एका फाइलचा. नेट मंद असेल किंवा तीन-चार मशीन करायची असतील तर बरा, फाइल एकदाच उतरवावी लागते. यात 'काय ठेवायचं' हे विचारणारं पान येतं. 'पर्सनल फाइल्स आणि अ‍ॅप्स' निवडलेलं आहे ना, हे डोळे उघडे ठेवून बघा. तो पर्याय फिकट दिसत असेल तर पुढे जाऊच नका. बहुतेक वेळा विंडोज १० ची भाषा आणि आयएसओची भाषा जुळत नसते: एक 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स', दुसरी 'इंग्लिश इंटरनॅशनल'. योग्य आयएसओ आणा.

कोणी 'लाइट' किंवा 'सगळं आत घातलेलं' विंडोज ११ पेन ड्राइव्हवर देत असेल तर नमस्कार करून परत द्या. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचं आणि त्यात काय घातलंय हे माहीत नसलेली प्रत टाकायची, याला काय म्हणावं!

सुरू करण्याआधी बाहेरचा अँटिव्हायरस काढा, प्रिंटर आणि बाकीची यूएसबी उपकरणं सोडवा. एसएसडीवर तास-दीड तासात काम उरकतं, जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जाऊ शकतो. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ अडकलेली दिसते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर पॉवर बटणाला हात लावायचा नाही.

६. पहिल्या दिवशी काय बदलायचं

स्टार्ट बटण मधोमध गेलेलं दिसेल. टास्कबारवर राइट क्लिक, 'टास्कबार सेटिंग्ज', 'बिहेव्हियर्स', तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. तिथेच बटणं एकत्र न करण्याचा पर्यायही आहे. ११ आलं तेव्हा तो नव्हता, आरडाओरड झाल्यावर २०२३ मध्ये परत दिला. टास्कबार वरच्या कडेला किंवा बाजूला नेण्याची सोय मात्र ११ आलं तेव्हाच काढून टाकली होती. ज्यांना दहा वर्षांची सवय आहे त्यांना हे सगळ्यात जास्त खुपतं.

राइट क्लिकचा मेन्यू छोटा झालाय. झिपचे, स्कॅनिंगचे जुने पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'मागे लपलेत. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की जुना मेन्यू थेट उघडतो.

सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट ही: एका अकाउंटंटबाईंचा फोन, 'डेस्कटॉपवरच्या फाइल गायब झाल्या!' झालं असं होतं की सेटअपच्या शेवटी वनड्राइव्हच्या बॅकअपला हो म्हटलं गेलं. मग डेस्कटॉपचा फोल्डरच वनड्राइव्हच्या आत जाऊन बसतो. वनड्राइव्ह मोफत फक्त ५ जीबी देतं, ते भरलं की 'स्टोरेज फुल' चा धोशा सुरू होतो, आणि घाईत बॅकअप बंद केला तर डेस्कटॉप रिकामा दिसतो. फाइल असतात. सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, डेस्कटॉप असं आत शिरा, सापडतील. आधी त्या बाहेर कॉपी करा, मग वनड्राइव्हचं काय करायचं ते ठरवा.

वर्डपॅड शोधू नका, २४एच२ (२०२४ च्या) आवृत्तीपासून काढलंय. आरटीएफ फाइल वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.

चांगलं काय मिळतं, तेही सांगतो. फाइल एक्स्प्लोररला टॅब आलेत, स्निपिंग टूलमध्ये स्क्रीनचं रेकॉर्डिंग होतं, आणि विंडोज-झेड दाबलं की दोन-तीन खिडक्या शेजारी शेजारी लावायचे साचे समोर येतात. एका बाजूला बिल आणि दुसऱ्या बाजूला टॅली ठेवून एंट्री करणाऱ्याला हे एवढंच पुरे. कोपायलट आणि एआयच्या जाहिरातींकडे बघून मात्र अपेक्षा वाढवू नका. रिकॉलसारख्या (स्क्रीनवर आधी पाहिलेलं शोधून देणाऱ्या) सोयींना १६ जीबी रॅम आणि खास एनपीयू (एआयची चिप) असलेला 'कोपायलट प्लस' लॅपटॉप लागतो, तुमच्या अपग्रेड केलेल्या पीसीवर ते येणार नाही.

७. मशीन बसतच नसेल तर

घरगुती पीसीसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत. १० ची आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडला की नोंदणी फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड्स पॉइंट. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल' दिसतं. ही मुदत म्हणजे पैसे साठवायला मिळालेला अवधी, यापेक्षा जास्त समजू नका.

रुफससारखं टूल वापरून अटी चुकवून ११ टाकता येतं. चालतंही. पण अशा मशीनला अपडेट देण्याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच टाकावी लागते. मुलांच्या अभ्यासाच्या पीसीवर करा हवं तर. जिथे हिशेब आणि सह्या आहेत तिथे नको. कोअर टू ड्युओवाल्यांना (इंटेलचा फार जुना प्रोसेसर) तर हाही रस्ता बंद आहे, २४एच२ पासून त्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. फक्त ब्राउझर आणि ईमेल लागत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टम टाका. टॅली आणि डीएससी लागत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

८. दहा दिवसांची मुदत

पटलं नाही तर परत १० वर जाता येतं: सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'गो बॅक'. मुदत १० दिवसांची. म्हणून या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टोकन, टॅली, मराठी टायपिंग सगळं एकदा खरोखरच्या कामासाठी वापरून बघा, नुसतं उघडून बंद करू नका. जागा कमी दिसतेय म्हणून मध्येच 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर पुसलात तर परतीचा रस्ता गेला. मुदत संपली की विंडोज तो स्वतःच काढतं.

आवाज येत नसेल, वायफाय तुटत असेल तर परत फिरण्याआधी विंडोज अपडेटमधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हर आलाय का ते बघा, आणि नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर. सगळं जमलं की सेटिंग्जमधल्या अबाउटच्या पानावर आवृत्ती वाचा. २५एच२ असेल तर होम आणि प्रोला १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत अपडेट मिळत राहतील. २४एच२ असेल तर १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत पुढची आवृत्ती घ्या. २४ वरून २५ वर जाणं मात्र किरकोळ काम आहे, एका रीस्टार्टमध्ये होतं.